एका अंकाला एक हट्ट

डाव्याला भाषण करायला सांगितलं की आधी तो नको नको म्हणतो आणि मग माईक सोडत नाही. हे त्याच्या बायकोचं मत. जन्मभर पहिल्या रांगेत बसून त्याची भाषणं ऐकलेल्या बाईचं मत आहे, तेव्हा ते आपण खरं धरून चालू.

डाव्या हे काही त्याचं घरचं नाव नव्हे. डाव्या हाताने काम करायचा म्हणून कॉलेजात, अंकाच्या खोलीत, ते त्याला चिकटलं. अंक म्हणजे कॉलेजचं साहित्याचं आणि चित्रांचं वार्षिक. कागद जाड, पानं मोजकी, वाचणारे त्याहून मोजके. पण त्या अंकातून निघालेली माणसं पुढे बाहेर नाव काढून बसली. एकजण कवी झाला, म्हणजे आता साबणाच्या जाहिराती लिहितो, पण यमक अजून पक्कं आहे. आणि डाव्या तर इतका मोठा झाला की त्याच्या चित्रांची कॅलेंडरं निघतात. निळ्या रंगात पालथ्या घातलेल्या बादल्या. हॉटेलात जा, दवाखान्यात जा, पुस्तकाचं कव्हर बघा, डाव्याच्या पालथ्या बादल्या समोर हजर. साठी उलटली तरी एक बादली काही सरळ होत नाही, हेही बायकोचंच म्हणणं.

तर अंकाला पन्नास वर्षं झाली म्हणून कॉलेजने खास अंक काढायचं ठरवलं आणि जुन्या मंडळींना चित्रांच्या निवडीसाठी बोलावलं. सकाळी सभागृहात कार्यक्रम, त्यात डाव्याचं भाषण.

"माझी सुरुवात या अंकाच्या भिंतीवर झाली," तो म्हणाला. "कोवळं पोर होतो मी. माझं चित्र भिंतीवर लागलं आणि खोलीत शांतता पसरली. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. त्या शांततेत मला कळलं, आपण आता दुसरं काही करायचं नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मिळाल्यावर डाव्याला आवरणार कोण?

"आणि आज इतक्या वर्षांनी सांगतो, नुसती रेघ बघितली ना, तरी ती मारणारा माणूस मी ओळखतो. सही झाका, नाव झाका, काय वाटेल ते झाका."

पहिल्या रांगेत अंकाच्या खोलीतली त्याची जुनी सोबतीण हेडबाई बसली होती. मांडीवरच्या कापडी पिशवीत दोन्ही हात घालून ती ऐकत होती. शांततेचं ते वाक्य आलं तेव्हा तिच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला, एवढंच.

हलणारच. कारण शांतता-बिंतता काही नव्हती. हे हेडबाईला ठाऊक होतं आणि डाव्यालाही ठाऊक होतं. पण मुलाखती देता देता ती गोष्ट घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती की खरं काय झालं ते त्याला मुद्दाम आठवावं लागायचं, आणि मुद्दाम आठवायला वेळ कुणाला आहे?

खरं असं होतं. अंकाची खोली जिन्याखाली. एक खिडकी, एक लांबलचक टेबल आणि एक मोकळी भिंत. अंकासाठी आलेली सगळी चित्रं त्या भिंतीवर टाचायची. नाव कागदाच्या मागे, पुढून कुणाचं काही नाही. मग सगळ्यांनी बोलायचं, मनात येईल ते, भीडभाड न ठेवता. ज्याचं चित्र असेल त्याने मात्र तोंड उघडायचं नाही. चेहराही पाडायचा नाही. बाकीचे हसले तर आपणही हसायचं, नाहीतर पकडलेच गेलो. बोलून झालं की हात वर करून मतं. हात कमी पडले की चित्र उतरवून टेबलाच्या टोकाला. उतरवलेलं चित्र कुणी उलटून नाव बघायचं नाही, ज्याचं असेल त्याने जाताना गुपचूप उचलून न्यायचं. राहिलेली चित्रं मात्र शेवटी एकेक करून सगळ्यांसमोर उलटायची आणि नावं मोठ्याने वाचायची.

या सगळ्यात एकच पळवाट होती. निवडीला बसलेल्या प्रत्येकाला एका अंकाला एक हट्ट असे. सगळ्यांनी पाडलेलं चित्र एकट्याने 'माझा हट्ट' म्हणून भिंतीवर ठेवता येई. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. पण हट्ट एकदाच. केला की संपला, आणि केलेला परत घ्यायचा नाही.

डाव्याच्या पहिल्या बादल्या भिंतीवर लागल्या तेव्हा खोली हसून लोळली होती. "कॉलेजात पाणी येत नाही वाटतं," असं कुणीतरी म्हणालं, आणि डाव्या सगळ्यांबरोबर दात काढून हसला. एकही हात वर गेला नाही. तेव्हा संपादक होती हेडबाई. सगळ्यांना धाकात ठेवायची म्हणून हेडबाई. तिने हातातलं प्रूफ खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझा हट्ट." बस्स, तेवढ्यावर ते चित्र छापलं गेलं, एका प्रकाशकाने ते बघितलं, त्याने कव्हर करायला बोलावलं, आणि डाव्याची गाडी मार्गी लागली.

हेडबाई पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत अंक तिच्याच हाताखाली निघाला. तिचं स्वतःचं चित्र त्यात कधी आलं नाही. ज्याच्या हातात अंक आहे त्याने त्यात स्वतःला घुसडू नये, हा तिचा कायदा. काढायची ती, चांगलं काढायची, आणि कपाटात ठेवून द्यायची.

सकाळी आल्या आल्या डाव्याने तिला "काय गं, कशी आहेस?" विचारलं होतं. उत्तर यायच्या आत कुणीतरी फोटोला हाक मारली आणि तो वळला. कितीतरी वर्षांनी भेट होत होती, पण फोटोही महत्त्वाचा होता.

दुपारी निवड सुरू झाली. तीच जिन्याखालची खोली, तेच टेबल. या वर्षीची संपादक म्हणजे एक चष्मेवाली मुलगी, हातात पट्टी घेऊन भिंतीपाशी उभी. बाकी तिच्यासारखीच दहाएक मुलं, त्यात एक दाढीवाला, ज्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. जुन्यांपैकी डाव्या, साबणवाला कवी आणि हेडबाई. कवीला जेवणानंतरची डुलकी लागली होती. हेडबाईचे हात पिशवीतच होते. मत द्यायची वेळ आली की ती हात वर न करता नुसती मान हलवत होती, आणि तिच्या वयाकडे बघून कुणी काही म्हणत नव्हतं. खास अंक होता म्हणून जुन्या मंडळींनीही चित्रं लावावीत असं ठरलं होतं. अर्थात नाव मागे, बाकीच्यांसारखंच.

पाच-सहा चित्रं झाली आणि चष्मेवालीची पट्टी एका निळ्या चित्रावर आली.

ते डाव्याचं होतं. महिना-दोन महिने तो त्याच्यामागे होता. जन्मात पहिल्यांदा त्याने धाडस केलं होतं, पालथ्या बादल्यांच्या रांगेत एक बादली सरळ ठेवली होती. आता मुलं काय म्हणतात, तो कान टवकारून बसला. ओळखतील, उठून उभी राहतील, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. माणूस आहे, येतं.

"ही सरांची नक्कल आहे," दाढीवाला म्हणाला.

खोलीत खसखस पिकली. सगळे डाव्याकडे बघायला लागले. डाव्याही हसला. नियमच तो.

"नक्कल करायचीच होती तर सरांच्या जुन्या चित्रांची करायची," दाढीवाल्याने पुढे सुरू केलं. "त्यांत काहीतरी होतं. हे म्हणजे कॅलेंडरवरून उचललंय."

"आणि ही सरळ बादली बघितली का?" चष्मेवाली म्हणाली. "सरांनी अशी ठेवली नसती. हिच्यात काही भरायचंय म्हणून सरळ ठेवली असं वाटतच नाही. केवळ काहीतरी नवीन केलं हे दाखवायला ठेवलीय."

डाव्या अजून हसत होता. कानशिलं तापली होती, तरी तोंड हसतच होतं. मतं झाली. दोन हात वर गेले, त्यातला एक डाव्याचा. कवी झोपेत होता. डाव्याने हेडबाईकडे बघितलं. तिची मान हलली नाही.

चष्मेवालीने टाचणी काढायला हात पुढे केला.

"थांब," डाव्या म्हणाला. "माझा हट्ट."

खोलीत कौतुकाची कुजबुज सुरू झाली. "बघा, आपली नक्कल करणाऱ्यालाही सांभाळून घेतात," दाढीवाला शेजाऱ्याला म्हणाला. "याला म्हणतात मोठं मन."

आपल्याच चित्रावर हट्ट करू नये असं नियमात कुठे नव्हतं. इतका निर्लज्ज कुणी निघेल असं त्या काळी कुणाला सुचलंच नसावं. ते मोठ्या मनाचं कौतुक ऐकून डाव्याच्या अंगाची लाहीलाही झाली. लाज वाटली की काही माणसं गप्प बसतात आणि काही दुसऱ्यावर घसरतात. आपला डाव्या पडला दुसऱ्या प्रकारातला, आणि पुढचं चित्र आयतं त्याच्या तावडीत सापडलं.

छोटासा कागद, काळ्या शाईतलं काम. एक खोली, खिडकी, टेबल, टेबलापाशी काहीतरी वाकलेलं. आणि सगळ्या रेघा बारीक बारीक थरथरणाऱ्या. एक रेघ म्हणून सरळ नाही.

"हे चालत्या बसमध्ये बसून काढलंय का?" डाव्या म्हणाला.

मुलं हसली. हसू मिळालं तसं डाव्याला बरं वाटायला लागलं. दुखऱ्या जागी कुणीतरी फुंकर घातल्यासारखं वाटलं, आणि मग तो सुटलाच.

"नाही, खिडकी बघा ना. खिडकीला थंडी वाजतेय. आणि टेबलापाशी हे काय टाकलंय, पोतं? बटाट्याचं दिसतंय. अर्धं विकलेलं." हसू वाढलं. "अरे बाबांनो, हल्ली ही एक फॅशन निघालीय. हात थरथरल्याचं सोंग आणायचं आणि म्हणायचं, ही माझी शैली. आधी एक सरळ रेघ मारून दाखवा. वाकडी मारायचा हक्क त्यानंतर मिळतो."

खोली दणाणून गेली. हसण्याच्या आवाजाने कवी जागा झाला आणि काय झालं ते न कळताच हसायला लागला. हेडबाईसुद्धा हसत होती. एकही हात वर गेला नाही. चष्मेवालीने चित्र उतरवलं आणि टेबलाच्या टोकाला, उतरवलेल्यांत नेऊन ठेवलं.

मग चहा आला.

मुलं कप घेऊन व्हरांड्यात पांगली. डाव्याभोवती तिघंचौघं होतीच. "सर, ते पोतं भारी होतं," एकजण म्हणाला. डाव्या खुशीत येऊन मान हलवत होता, आणि मान हलवता हलवता दारातून त्याची नजर आत गेली. हेडबाई एकटीच टेबलापाशी बसली होती. तिने पहिल्यांदाच पिशवीतून हात बाहेर काढले. उजव्या हाताने कप धरला तशी बशी खडखडायला लागली. तिने कप परत ठेवला, इकडेतिकडे बघितलं, मग दोन्ही हातांनी धरून तो ओठांपर्यंत नेला. तरी थोडा चहा बशीत सांडला. तिने तो रुमालाने टिपला, सवयीने, जसं काही दर वेळी सांडतोच.

ती थरथर डाव्याने मघाशी बघितली होती. कागदावर. खिडकीच्या चौकटीला तीच होती, टेबलाच्या कडेलाही तीच. रेघ बघून माणूस ओळखतो म्हणे.

शेजारचा मुलगा काहीतरी विचारत होता, ते त्याला ऐकू आलं नाही. कप तसाच कठड्यावर ठेवून तो आत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला. बसायची हिंमत झाली नाही.

"ते तुझं होतं," तो म्हणाला.

"कोणतं?"

"ते खोलीचं."

"ओळखलंस म्हणायचं," हेडबाई म्हणाली. "जरा उशीर झाला. सकाळी तू एवढं बोललास तेव्हा मी घाबरले होते. म्हटलं, हा बघताक्षणी ओळखणार आणि माझी दया येऊन ठेवा म्हणणार."

"हाताला काय झालं?"

"थरथरतो. झाली आता काही वर्षं. गोळ्या आहेत. गोळी लागू पडली की थोडा वेळ बरा असतो, तेवढ्यात काढते. जेवढं निघेल तेवढं."

"मला सांगायचंस ना गं."

"सांगणार होते की सकाळी. तू फोटोला गेलास."

डाव्याला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगेल तर बरं. जमीन असल्या वेळी कधी दुभंगत नाही. तो एकदम घाईने बोलायला लागला.

"ऐक, मी सांगतो मुलांना. माझा हट्ट बदलतो. ते निळं चित्र खाली काढू आणि तुझं वर लावू. ते निळं..." आणि इथे त्याची गाडी अडली.

"तुझं आहे," हेडबाईने वाक्य पुरं केलं. "तुझं निळं मी झोपेत ओळखीन."

"तुला माहीत होतं?"

"आणि तो दाढीवाला बोलला ते खरं आहे रे. जुन्यांत काहीतरी होतं."

डाव्याने मान हलवली. एवढं तरी कबूल करावं लागणारच होतं. "मग बदलतो. तुझं लावतो."

"बदलता येत नाही. नियम तुला माहीत आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि समजा आला असता बदलता. माझं वर गेलं की तुझं खाली येणार. खाली आलेलं कुणी उलटत नाही. म्हणजे माझं भलंही झालं आणि तुझं नावही झाकलं गेलं. सोयीचं आहे."

"तसं नाही गं," डाव्या म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. तसं होतं की नव्हतं हे त्याचं त्यालाच सांगता येईना. संध्याकाळी चित्रं उलटली जाणार, त्याच्या हट्टामागे त्याचंच नाव निघणार, हे त्या दीडशहाण्याच्या मनात रागाच्या भरात आलंच नव्हतं. पण चहाच्या वेळी आलं होतं की नव्हतं? कप कठड्यावर ठेवून तो आत आला तेव्हा नेमका कशासाठी आला? तो स्वतःलाच खोदून विचारत राहिला आणि जे उत्तर मिळालं ते काही नीट सांगण्यासारखं नव्हतं.

"एक सांग," हेडबाई म्हणाली. "चित्र आवडलं तुला?"

डाव्याने तोंड उघडलं. लोकांच्या चित्रांना 'वा, काय ताकद आहे' म्हणायला त्याला कधी वेळ लागला नव्हता. पण खिडकी आणि पोतं सोडून त्या कागदावर काय होतं, ते त्याला आठवेना. तो मुकाट्याने टेबलाच्या टोकाला गेला, तो छोटा कागद वर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

खोली म्हणजे हीच खोली होती. खिडकीही हीच. टेबलापाशी जे वाकलं होतं ते पोतं नव्हतं, स्टुलावर बसलेला एक मुलगा होता. पाठीची कमान, मान खाली, टेबलावर छापाचा ठसा कोरायला घेतलेला लिनोलियमचा तुकडा, त्यावर सुरी. सुरी डाव्या हातात होती.

थरथरत्या रेघांनीच ती पाठ जिवंत झाली होती. मुलगा श्वास घेतोय असं वाटत होतं. अशी पाठ डाव्याला काढता आली असती का? एके काळी आली असती कदाचित. आता आली नसती, हे त्याला पुरतं कळलं.

"आवडलं," तो म्हणाला. "खरंच आवडलं."

"आता आवडणारच. तू आहेस त्यात."

डाव्याची नजर परत कागदावर गेली.

"तुझ्या बादल्यांवर मी हट्ट केला ना डाव्या, तेव्हा त्या कुणाच्या हे मला ठाऊक नव्हतं. तू इतका मोठ्याने हसत होतास की मला वाटलं, हा तर नक्कीच नाही. चित्र आवडलं म्हणून ठेवलं. माझं आहे म्हणून कुणी वर लावणार असेल तर ते खाली आहे तेच बरं."

"मला माफ कर."

"पाडल्याचं काही नाही रे. जन्मभर मीच पाडत आले लोकांची. रचना चुकली म्हणाला असतास, हे चित्रच नव्हे म्हणाला असतास, तरी ऐकून घेतलं असतं. तू बघितलंच नाहीस. आधीचा राग होता आणि तोंडापुढे पोरं होती हसायला." ती रुमालाची घडी घालायला लागली. घडी काही जमेना, तशी तिने तो तसाच पिशवीत कोंबला. "आयुष्यात पहिल्यांदा भिंतीवर लावलं मी. नोकरी संपली, अंक हातातून गेला, म्हटलं आता लावायला हरकत नाही. आणि मलाही तुमच्याबरोबर हसावं लागलं. तुम्ही सगळे तेव्हा कसं सोसत होतात ते आज कळलं. या वयात जरा जड जातं."

मुलं परत यायला लागली. डाव्याने कागद होता तिथे ठेवला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. पुढची चित्रं आली, गेली. त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एकदा दाढीवाल्याने विचारलं, "सर, तुमचं मत?" तेव्हा तो उठून चित्रापाशी गेला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मला अजून कळलं नाही. तुम्ही बोला." मुलांनी एकमेकांकडे बघितलं. कवीने कानाशी येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?" डाव्याने मान हलवली. त्याचा अर्थ कवीला जो घ्यायचा तो त्याने घेतला.

बसल्या बसल्या डाव्या पळवाटा शोधत होता, खोटं कशाला बोला. गंमत केली म्हणता येईल. मुलांची परीक्षा घेतली म्हणता येईल. मुलं तेही खरं मानतील, उलट टाळ्या वाजवतील, आणि सहा महिन्यांत ती गोष्टही भाषणात बसेल. हेडबाई कुणाला काही सांगणार नाही. ती सांगणार नाही, हे तर त्याला जास्तच टोचत होतं.

शेवटी भिंतीवर जेवढी राहायची तेवढी राहिली. चष्मेवाली एकेक चित्र उलटायला लागली आणि नाव वाचायला लागली. नाव निघालं की टाळ्या, ज्याचं असेल तो लाजून हसायचा, शेजारी पाठीत गुद्दा घालायचे. निळं चित्र शेवटचं. "आता बघू सरांचा हट्ट कुणाला लाभला," ती म्हणाली, आणि सगळी मुलं पुढे सरकली.

"ते राहू दे," डाव्या उठून म्हणाला. "मी उलटतो."

मुलांना वाटलं, हाही मोठेपणाच. त्याने टाचण्या काढल्या, कागद उलटा केला आणि मागचं नाव वाचलं. पूर्ण वाचलं, घरच्या नावासकट, आडनावासकट. मग म्हणाला, "चित्र माझं आहे. तुम्ही पाडलंत ते योग्य केलंत. मी माझाच हट्ट माझ्यावर खर्च केला, आणि पाडल्याचा राग खोलीच्या चित्रावर काढला. ते चित्र मी न बघता बोललो होतो. सकाळी सांगितलं तेही खरं नव्हतं. माझं पहिलं चित्र लागलं तेव्हा इथे सगळे हसले होते. ते राहिलं ते हिच्या हट्टाने."

दाढीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. कुणी हसलं नाही, कुणी खुर्ची सरकवली नाही. सकाळी डाव्याने जी शांतता सांगितली होती ती आता त्या खोलीत पसरली, आणि तिच्यात त्याला उभं राहावं लागलं.

"सर, मग हे चित्र..." चष्मेवालीने चाचरत विचारलं. "हे काढून घ्यायचं का?"

डाव्याने हेडबाईकडे बघितलं.

"हट्ट परत घेता येत नाही," हेडबाई म्हणाली. "छापा. चित्र कुणाचं तेही छापा आणि हट्ट कुणाचा तेही छापा."

चष्मेवालीने मान हलवली. खास अंक चांगला जाड कागदावर निघणार होता, वर्षानुवर्षं टिकेल असा.

मग हेडबाई उठली. टेबलाच्या टोकाला गेली आणि सगळ्यांच्या देखत उतरवलेल्या चित्रांतून तो छोटा कागद बाहेर काढला. हात थरथरत होता, हातातला कागद वाजत होता, आणि ती हात लपवत नव्हती. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पोतं भारी होतं म्हणणारा मुलगा जमिनीकडे बघायला लागला. तिने कागद पिशवीत सरकवला आणि डाव्याकडे वळली.

"चल, फाटकापर्यंत सोड मला. बाहेरच्या पायऱ्या उंच आहेत."

व्हरांड्यातून जाताना फोटो काढणारा परत आडवा आला, सर एक मिनिट, म्हणाला. डाव्या थांबला नाही. पायऱ्यांपाशी हेडबाईने हात पुढे केला आणि त्याने तो आपल्या डाव्या हातात घेतला. हात सारखा हलत होता. घट्ट धरला तरी हलायचा थांबत नव्हता. दोन पायऱ्या उतरून झाल्यावर तो म्हणाला, "काय गं, कशी आहेस?"

तिने त्याच्याकडे वळून बघितलं. उत्तर येईपर्यंत डाव्या पायरीवर तसाच थांबून राहिला.